वाईची कडी, शिंगणापूरची चौकट

विघ्ने दूर करणाऱ्या श्रीगजाननाला, कृष्णातीरी विराजमान असलेल्या आमच्या ग्रामदेवतांना आणि जिच्या कृपेने या वयातही पायांत चालण्याचे बळ उरले आहे त्या कुलस्वामिनीला नमस्कार करून, गेल्या पौषात नेवासे तालुक्यात घडलेल्या माझ्या प्रवासाची हकीकत लिहावयास बसलो आहे. प्रवास तीर्थयात्रेचा नव्हता. तीर्थे वाटेत आली, देवदर्शनही घडले. परंतु घरातून निघालो तो एक विवाह मोडण्यासाठी.

माझी धाकटी बहीण शालिनी साताऱ्यास असते. तिची कन्या वसुधा ही जनावरांची डॉक्टर. गेली काही वर्षे ती घोडेगावी स्वतःचा दवाखाना चालवते, स्वतःच्या कमाईने तिने तेथे घर बांधले आहे. वय छत्तीस. तिने आईला फोनवर कळवले की भाऊसाहेब नावाच्या गृहस्थाशी लग्न करावे असे मनात आहे. शालिनीने हर्षभराने चार घरी सांगितलेसुद्धा, की कुणी साहेब जावई मिळतो आहे! पुढे कळले की त्या जिल्ह्यात भाऊसाहेब, रावसाहेब, अण्णासाहेब ही बारशाला ठेवायची नावे आहेत, आणि हे भाऊसाहेब कोठेच नोकरीस नाहीत, कोठे राहतात याचाही ठिकाणा नाही.

"दादा, तू आत्ताच जा," शालिनी म्हणाली. "पौषात कुणी लग्नाचं ठरवत नाही, म्हणजे तिला घाई करता येणार नाही. जा, मोड आणि ये. तुझं ती ऐकते."

तिचे आक्षेप तीन होते. तो आपल्यातला नाही, त्याला उद्योग नाही, त्याला घर नाही. पहिल्या आक्षेपाचा निकाल मी माझ्यापुरता फार पूर्वी लावला आहे. ज्याचे आचरण शुद्ध, तो मला आपलाच. उरलेले दोन मात्र मला वजनदार वाटले, आणि मोडण्याची तयारी मनाशी ठेवूनच मी एस.टी.त बसलो.

घोडेगाव

आमच्या वाईस कोणत्याही बाजूला पाहिले तरी डोंगर आडवा येतो. नगर सोडल्यावर तसे काही आडवे येईना. उभी ज्वारी, मध्येच कांद्याचे हिरवे वाफे, उसाने शिगोशिग भरलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, आणि या सर्वांवर एवढे आकाश, की सकाळच्या संध्येला सूर्य शोधावा लागणार नाही या विचारानेच मला प्रसन्न वाटले.

घोडेगावी उतरलो तो बाजाराचा दिवस. जनावरांच्या बाजाराची कीर्ती ऐकली होती, परंतु ऐकणे वेगळे. टेम्पोंतून उतरणाऱ्या म्हशी, शिंगे रंगवलेले बैल, शेळ्यांचे कळप, घुंगरमाळांची आणि दाव्यांची दुकाने, आणि धुळीतून वाट काढीत चहाचे पेले नाचवणारी माणसे. वसुधा कोठे सापडेल म्हणून एकास विचारले, तर त्याने नुसते बोट केले. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली माझी भाची एका म्हशीच्या मागे उभी होती, आणि म्हशीच्या पुढे, तिच्या तोंडाची मोरकी धरून, एक उंच, किरकोळ देहाचा, पिकू लागलेल्या दाढीचा माणूस तिच्या कानाशी बोलत होता.

"गप गं माझी बाय. डॉक्टर हाय, सासू न्हाई."

म्हशीचा मालक हसला. "भाऊसाहेब, तुझ्या सासूला बी आन की येकदा बाजारात. बगू दे मारकी हाय का गरीब."

"मारकीच आसंल. ल्येक कुनाची हाय बग की."

ती सासू म्हणजे माझी बहीण शालिनी, हे माझ्या ध्यानात यायला क्षणभर वेळ लागला. तेवढ्यात वसुधेने मान वर केली, मला पाहिले, आणि तिचा चेहरा असा झाला की मला हसू आवरेना.

"मामा! तुम्ही उद्या येणार होतात ना?"

भाऊसाहेबांनी मोरकी मालकाच्या हाती दिली, विजारीला हात पुसले आणि तेथेच, त्या धुळीत, माझ्या पायांना हात लावला. "सासूबाईंचं तेवढं सांगू नका गुरुजी," ते खाली वाकूनच पुटपुटले. मी आशीर्वाद दिला. देताना 'मोड आणि ये' हे शब्द माझ्या कानात होतेच. परंतु वाकलेल्या माणसाला आशीर्वाद नाकारण्याची विद्या मी शिकलेलो नाही.

वसुधेचे घर नीटनेटके आहे. पुढे दवाखाना, मागे राहण्याच्या खोल्या, आणि मधल्या बोळातून घराचे स्वतंत्र दार. सागवानी, जड, आतून पितळी कडी. समोर ताराबाईंची पिठाची गिरणी. गिरणी बंद असली की ताराबाई पायरीवर बसून गल्लीची राखण करतात.

रात्रीच्या जेवणात शेंगोळे होते. हुलग्याचे पीठ लसूण-मिरचीने मळून त्याची बोटाएवढी वेटोळी उकळत्या रश्शात सोडतात. आमच्याकडे हुलग्याचे पिठले होते, परंतु हा प्रकार निराळाच. थंडीत अंगात ऊब भरते. लसूण मी सहसा घेत नाही. भाचीने केलेले म्हणून घेतले, आणि दुसऱ्यांदा वाढ म्हणताना संकोच केला नाही.

जेवणानंतर भाऊसाहेब कुणा मित्राकडे झोपायला गेले. मी सरळ विचारले, "यांचे चालते कशावर?"

"मिळेल त्यावर. कोपरगावला एक हंगाम साखर कारखान्यात होता. संगमनेरला दुधाचा टँकर चालवला. एक वर्ष तमाशाच्या फडाबरोबर जनरेटर सांभाळत हिंडला. काम चांगलं करतो, मामा. कुठलंच धरून ठेवत नाही."

"आणि तुला?"

ती भांडी पुसत होती. हात थांबले नाहीत. "मलाही नाही. दोनदा गेला. 'येतो' असंसुद्धा म्हणाला नाही. मी गाडी काढून गावोगाव शोधत फिरले, एवढी शिकलेली बाई, लोक खिडकीतून बघतायत. दोन्ही वेळा सापडला तेव्हा कुणाची तरी मोटर दुरुस्त करत बसलेला होता, आणि मला बघून त्याला इतका आनंद झाला की रागावताच येईना."

"तरीही?"

"तरीही. तो असला की घरात बोलणं असतं, मामा. नसला की नुसता फ्रीजचा आवाज." तिने पातेले जागेवर ठेवले. "पण आता मी ठरवलंय. रविवारी त्याची आई इथे येणार, तुम्ही आहातच. समोरासमोर बसून बोलायचं. रविवारी तो या घरात असला तर माघात लग्न. त्याआधी गेला तर संपलं. तिसऱ्यांदा शोधायला मी जाणार नाही."

"हे त्यांना ठाऊक आहे?"

"सांगितलंय. म्हणाला, बरं."

मोडण्याचे काम मला करावेच लागणार नाही, असे त्या 'बरं'वरून मला वाटले.

शिंगणापूर

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी मला मित्राच्या मोटारसायकलवरून आपल्या गावी, शिंगणापूरला नेले. वयाच्या बहात्तराव्या वर्षी प्रथमच अशा वाहनावर बसलो. धोतराचा सोगा साखळीत गेला आणि तेलाने काळा होऊन बाहेर आला. "शनिदेवाला तेल लागतंच गुरुजी," भाऊसाहेब म्हणाले, "तुमी धोतरातनं आनलं." मला रागवायचे होते, साधले नाही.

शनैश्चराची शिळा चौथऱ्यावर उघड्या आकाशाखाली उभी आहे. मस्तकी छप्पर नाही. ऊन, पाऊस, थंडी हीच त्याची मंदिरे. ज्या देवाला आपण घाबरून दूर ठेवतो, तो स्वतः असा निराश्रय राहतो हे पाहून माझे हात जोडलेलेच राहिले. तेल वाहिले, जपाची एक माळ केली.

गावातल्या घरांना दारे नाहीत, ही गोष्ट वाचकांनी ऐकली असेल. मीही ऐकली होती. तरी पाहिल्यावर चालताना पाय अडखळत होता. चौकट आहे, उंबरा आहे, उंबऱ्यावर रांगोळी आहे, फळ्या मात्र नाहीत. कोठे पडदा, कोठे तोही नाही. आमच्याकडे कुणाच्या घरी जावे तर कडी वाजवावी, नाव घेऊन हाक मारावी, आतून 'कोण?' आल्यावर ओळख सांगावी, मग आत जावे. येथे असे काही नाही. माणूस रस्त्यावरच बोलायला सुरुवात करतो आणि वाक्य संपेपर्यंत ओसरीवर बसलेला असतो.

भाऊसाहेबांच्या मातोश्री कौसाबाई ज्वारी पाखडीत होत्या. मला पाहून त्यांनी पदर सावरला, घोंगडी अंथरली, गूळ-पाणी पुढे ठेवले.

"दार न्हाई म्हनून चोर येत न्हाई गुरुजी," त्या म्हणाल्या, "पर पोरगंबी टिकत न्हाई. आडवायला काय हायच न्हाई ना."

"आये, टिकलो नसतो तर गुरुजींना घिऊन कोन आलं असतं?"

"आज आलास. उंद्याचं बोल." मग माझ्याकडे वळून, "डॉक्टरीनबाई लई गुनाची. आमच्या गाईचं वासरू आडलं हुतं तर रातभर बसली. तिला म्हनलं, बाय, माझं पोरगं वाईट न्हाई, पर त्याचा भरवसा तू आपल्या जबाबदारीवर धर."

आई पोराविषयी इतके स्वच्छ बोलते, तेव्हा तिच्या घरचे संस्कार तपासण्याचे कारण उरत नाही. मी गूळ खाल्ला, पाणी प्यालो. रविवारी दुपारी येण्याचे त्यांनी वचन दिले.

परतताना मी भाऊसाहेबांना विचारले, "तुम्हाला लग्न करायचे आहे ना?"

"करायचं हाय की," ते वाऱ्यावर ओरडले. पुढे काही तरी बोलले ते वाऱ्याने नेले.

पुन्हा घोडेगाव

शनिवारी वसुधा एका लांबच्या वस्तीवर अडलेली गाय सोडवायला गेली. भाऊसाहेब म्हणाले, "गुरुजी, तुमास्नी हुरडा खाऊ घालतो," आणि ते शेताकडे गेले. मी एकटा उरलो. पूजा, पारायण, दोन घास भात. मग दुपारची वामकुक्षी.

येथे वाईच्या एका सवयीविषयी सांगणे प्राप्त आहे. आमच्याकडे दुपारी वानरे येतात. मेणवलीच्या बाजूने टोळी आली की उघड्या दारातून सरळ देवघरात शिरते. नैवेद्याची वाटी, केळी, एकदा तर माझे सोवळेसुद्धा कौलांवर गेले. म्हणून दुपारी पाठ टेकण्यापूर्वी दाराला कडी घालणे हे आमच्या हातांनाच ठाऊक झालेले असते. डोक्याला त्याचा पत्ताही लागत नाही. घोडेगावी वानर नाही. तरी मी उठलो, सागवानी दार ओढले, कडी घातली आणि शांत झोपलो.

जागा झालो तो उन्हे कलली होती. दार उघडले. पायरीवर पंच्यात बांधलेले गाठोडे होते. उघडून पाहिले, तर हुरड्याची कोवळी कणसे. समोर ताराबाई माझ्याकडेच पाहत होत्या.

"भाऊसाहेब आला हुता की," त्या म्हणाल्या. "दाराला हात लावला. लागलंय म्हनल्यावर उभा ऱ्हायला. म्या म्हनलं, आरं हाक मार, म्हातारबुवा निजल्यात. तर म्हनला, असू द्या. गाठोडं ठिवलं आन गेला."

"कोठे?"

"त्याला इचारून गेलाय का त्यो कदी?"

भाऊसाहेबांचा मोबाईल बंद. दिवेलागणीला वसुधा आली, बुटांवर रक्त आणि शेण, गाय वाचल्याचा आनंद चेहऱ्यावर. ताराबाईंनी गल्लीतूनच सांगितले. वसुधेने ते ऐकून घेतले, बूट काढले, हात धुतले, पुन्हा धुतले.

"झालं," ती म्हणाली.

याच वेळी शालिनीचा फोन यावा हा दैवयोग. वसुधेने मोबाईल माझ्या हाती दिला. मी घडले ते सांगितले. पलीकडून दीर्घ निःश्वास आला. "दादा, देवच पावला रे. तुला एक शब्द बोलावा लागला नाही. आता काही बोलू नकोस, उद्याची गाडी पकड."

खरोखरच मला काही बोलावे लागणार नव्हते. ज्यासाठी आलो ते आपोआप झाले होते. परंतु ज्या कार्याच्या मुळाशी असत्य राहते त्याचे फळ मी बहिणीच्या ओटीत घालू शकत नव्हतो. मी फोन ठेवला आणि वसुधेला सांगितले, "दाराला कडी मी घातली होती. सवयीने."

"कडी तर रोज रात्री लागते, मामा. दार बंद असेल तर माणसानं हाक मारायची. एवढं लहान मुलालाही कळतं."

"ज्याच्या गावात दारच नाही, त्या लहान मुलाला कोण शिकवणार?"

तिने धुतलेले हात पुसले. मग म्हणाली, "मी शोधायला जाणार नाही."

"तू जाऊ नकोसच. मी जाईन."

"तुम्ही मोडायला आला होतात ना? आईनं पाठवलं तेव्हा मला कळलं होतं."

"मोडायचे झाल्यास खऱ्या कारणाने मोडावे. माझ्या कडीमुळे नाही."

ती पाठमोरी झाली. हुरड्याची कणसे मात्र तिने गॅसवर भाजली, आणि आम्ही दोघांनी ती शेंगदाण्याच्या चटणीशी खाल्ली. एवढा गोड हुरडा मी पूर्वी कधी खाल्ला नव्हता, आणि तसा मुकाट्याने खाल्लेलाही नव्हता.

प्रवरासंगम

रविवारी सकाळी आन्हिक आटोपून मी जीपने प्रथम शिंगणापूर गाठले. कौसाबाईंनी सर्व ऐकले आणि सूप खाली ठेवले.

"लागलेलं दार बगितलं त्येनं?" त्या म्हणाल्या. "मंग जानारच. गुरुजी, आमच्यात रातीला कुत्र्यामुळं चौकटीला फळी टेकून ठिवत्यात. दिवसा कुनी ठिवत न्हाई. ह्यो कालेज सोडून आला तवा ह्येच्या बापानं भर दुपारी फळी लावली. बोलला न्हाई, मारलं न्हाई. नुसती फळी. पोरगं आलं, बगितलं, मागारी फिरलं. वरीसभर तोंड दावलं न्हाई. बापाला वाटलं हुतं, फळी सारून आत यील. त्येला वाटलं, घालवून दिलं."

"आता कोठे असतील?"

"संगमाला. होडीवाला दोस्त हाय तितं. आन ऐका, म्या दुपारी ठरल्यापरमानं घोडेगावाला जानार. त्यो असू द्या न्हाईतर नसू द्या. बोली ती बोली."

प्रवरासंगमाला पोहोचलो तो नदीवर अजून धुके होते. प्रवरा येथे गोदावरीस मिळते. धरणाच्या फुगवट्यामुळे कोणते पाणी कोणाचे हे सांगता येत नाही. काठावर सिद्धेश्वराचे काळ्या पाषाणाचे देऊळ, भिंतींवर नाजूक कोरीव काम, पुढे घाटाच्या पायऱ्या. आमच्या वाईचा घाट आठवला. परंतु आमची कृष्णा तेथे अंगणातल्या लेकीसारखी आहे, आणि हे पाणी पलीकडचा काठ दिसू न देता पसरलेले. पाण्यात उभी असलेली पांढरी बगळ्यांची रांग हलत नव्हती. मी स्नान केले, अर्घ्य दिले, देवाला विनवले की माझ्या मुखातून आज केवळ हिताचे तेच निघो. मग घाटाखाली उतरलो.

एक होडी पालथी घातलेली होती. तिच्या बुडाला डांबर लावीत भाऊसाहेब बसले होते. मला पाहून हातातला कुंचला तसाच राहिला.

"गुरुजी! तुमी हितं?"

"कडी मी घातली होती."

"ते कळलं की मला. घरात तुमीच हुता." ते पुन्हा डांबराकडे पाहू लागले. "तुमास्नी पसंत न्हाई, तर न्हाई. तोंडानं नकार द्यायला तुमच्यासारख्या मानसाला जड जातं. म्या वळखलं आन आलो निघून. राग न्हाई."

"वानरांसाठी घातली होती."

"आं?"

मी वाईची वानरे, नैवेद्याची वाटी आणि कौलांवर गेलेले सोवळे, सर्व सांगितले. ते प्रथम ऐकत राहिले. मग असे हसू लागले की होडीला धरून बसावे लागले. "माकडासाठी! आरं द्येवा! आन म्या इथवर चालत आलो, रातभर!" त्यांचा होडीवाला मित्र पाण्यातल्या दुसऱ्या होडीतून पाहू लागला. मीही हसलो. परंतु हसणे ओसरू दिल्यावर मी पायरीवर बसलो, कारण जे सांगण्यासाठी आलो होतो ते अद्याप सांगायचेच होते.

"भाऊसाहेब, आता हसू नका. दार बंद दिसले तेव्हा तुम्हाला दुःख झाले. ते मी मानतो. परंतु त्या दुःखाबरोबर थोडे बरेही वाटले. आता काही ठरवावे लागणार नाही, जायला मोकळे झालो, असे. खरे ना?"

त्यांनी डांबराचा डबा झाकला.

"वाटलं," ते म्हणाले. "नदीवरला पूल वलांडेपर्यंत वाटलं. मंग न्हाई वाटलं."

"भय कशाचे आहे?"

"गुरुजी, ते घर तिचं. गाडी तिची, दवाखाना तिचा. सदरा अडकवायची खुंटीबी तिची. लोक म्हनत्यात, डॉक्टरीनबाईनं येक पाळलाय. म्या हसतो. पर हसायला येत न्हाई. आन दुसरं म्हंजी, म्या जातो ते ठरवून जात न्हाई. सकाळी उटतो आन पाय भाईर पडत्यात. उंद्या लगीन झाल्यावर पडले तर? तिला काय सांगू, पायाला इचारा?"

या उत्तराने मला त्यांच्याविषयी जितका विश्वास वाटला तितका कोणत्याही प्रतिज्ञेने वाटला नसता. मी म्हणालो, "लोकांचे लोकांपाशी. पाहुणा न सांगता गेला तर त्याला दोष नाही. दोन दिवस आठवण काढतात आणि विसरतात. घरचा माणूस जातो तेव्हा सांगून जातो. कुठे, आणि परत केव्हा. तुम्ही कधी बाहेर पडूच नये असे मी म्हणत नाही, वसुधाही म्हणत नाही. तुम्ही गेलेले तिने सहन केले. न सांगता गेलेले तिला सहन होत नाही. एवढे जमेल?"

"सांगून जायाचं?"

"सांगून जायचे."

"सोपं वाटतंय," ते संशयाने म्हणाले.

"सोपे नाही. सांगायला लागले की अर्ध्या वेळा माणूस जातच नाही. आणि आणखी एक. विवाहविधीत संध्याकाळी वर वधूला ध्रुवाचे दर्शन घडवतो. स्थैर्य तिने शिकावे, अशी पूर्वजांची योजना. पौरोहित्य माझ्याकडे असेल तर तो विधी मी फिरवणार आहे. ध्रुव वसुधा दाखवील. पाहायचा तुम्ही."

"आन ढग असले तर?"

"तर ढग जाईपर्यंत जागेवर उभे राहायचे."

ते उठले. मित्राला हाक मारून म्हणाले, "राहिल्यालं डांबर तू लाव रं. म्या घोडेगावाला चाललोय. बुधवारी येतो, तवा वल्ही बगू." मित्राने कानावर हात ठेवून 'काय?' विचारले. बहुधा असे सांगून जाताना त्याने त्यांना प्रथमच ऐकले असावे.

घोडेगावी आलो तो भर दुपार होती. दवाखान्याच्या वेळात वसुधेचे दार सताड उघडे असते, रविवारीसुद्धा. आज ते बंद होते. पायरीवर कौसाबाईंच्या वहाणा दिसत होत्या. म्हणजे आत दोघी होत्या. भाऊसाहेबांनी दाराला तळवा लावला. दार हलले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी समोर जाऊन ताराबाईंच्या पायरीवर बसलो. कडी घालणारे हात या वेळी माझे नव्हते.

भाऊसाहेब उभे राहिले. एकदा रस्त्याच्या टोकाकडे पाहिले. डांबर लागलेले हात विजारीला पुसले. ताराबाई काही बोलणार होत्या, मी बोट ओठांवर ठेवले. माझ्या मनात जप चालू होता, परंतु कोणता, ते आता आठवत नाही.

"वसुधा," ते म्हणाले. आवाज फार हळू होता. मग मोठ्याने, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा, "वसुधा! दार उघड."

आतून ताबडतोब आवाज आला. ती दाराला लागूनच उभी असली पाहिजे. "कोण?"

"म्या. भाऊसाहेब."

"कोण भाऊसाहेब?"

"खरंच की," ताराबाईंना राहवले नाही, "आमच्याच गल्लीत चार हायत."

आत कौसाबाईंचा हसण्याचा आवाज आला आणि कुणीतरी त्यांना गप्प केले. भाऊसाहेब हसले नाहीत. उंबऱ्याकडे पाहत त्यांनी एक पाय पुढे घेतला.

"ह्या घरातला," ते म्हणाले.

कडी निघाली. वसुधेचे डोळे लाल होते आणि चेहरा कठोर होता. "पाय धुवा," ती त्यांना म्हणाली, "डांबर आहे. मामा, तुम्हीपण या. जेवायचं थांबलोय."

सायंकाळी मी शालिनीला फोन केला. "मोडलंस?" तिने विचारले. मी म्हणालो, "नाही. माघातले मुहूर्त पाहतो आहे." तिने फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात तिचाच आला, लुगडी कोठून घ्यावी हे विचारायला. बोलताना रागातच होती. भाऊसाहेब आयुष्यभर त्या घरी राहतील असे मी कुणाला लिहून देणार नाही. ते बुधवारी संगमाला गेले, सांगून गेले आणि सांगितलेल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी परतले. वसुधा त्यांच्याशी त्या एका दिवसाबद्दल भांडली. मला ते शुभचिन्ह वाटले.

हे वाचणाऱ्या सज्जनांनो, श्रीसिद्धेश्वर आपणांस दीर्घ आयुष्य आणि निरोगी देह देवो. आपल्या घरी धान्याची कणगी आणि बोलण्याची रीत कधी आटू नये. जे घराबाहेर आहेत ते सुखरूप परत येवोत, जे घरात आहेत त्यांच्या मनात त्यांच्यासाठी जागा राहो, आणि आपल्या मुलाबाळांना, लेकीसुनांना, गाई-वासरांना सदैव मंगल प्राप्त होवो. शुभं भवतु.